सातव्या खुंटीपुढे

१

सकाळी उन्हाचे चटके बसायच्या आत खुंट्या बघून घ्यायच्या, हा येसोबूचा बारा वर्षांचा नेम. नवी राजधानी बांधायला घेतली आणि तिची पहिली खुंटी ठोकली तेव्हा पहार त्याच्याच हातात होती. मोजणीच्या ऑफिसातला चेनमन तो. साहेबानं यंत्रातून बघून बोट दाखवायचं आणि यानं तिथं ठोकायचं. पुढं राजधानी बंद पडली, सपाट केलेल्या शेतांत माणूसभर वेडी बाभूळ माजली. मग ती पुन्हा चालू झाली आणि बुलडोझर आले. या सगळ्या उलथापालथीत येसोबू तेवढा रोज निघत राहिला. डोक्याला टॉवेल, खांद्यावर पहार, खिशात लाल रंगाची डबी. वेलगलपाडू गावाच्या पूर्वेची ओळ त्याच्याकडे होती. चौदा खुंट्या. नकाशावर ती पट्टीनं ओढलेली रेघ होती, आणि जमिनीवरही ती तशीच राहील हे बघणं त्याचं काम.

त्या बुधवारी सर्व्हेअर सांबशिवराव छत्री उघडून त्याच्या मागोमाग चालत होता. जाडजूड, घामेजलेला, ताकाची बाटली बरोबर असल्याशिवाय जीपमधून न उतरणारा माणूस. आदल्या दिवशी पहिल्या आणि दुसऱ्या खुंटीच्या मध्ये आडवी पडलेली मोजणीची दोरी कापलेली सापडली होती. आज दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटीच्या मध्ये पाण्याचा रबरी पाइप. दोन्ही कसे, तर नेमके रेघेवर. इकडे बोटभर नाही की तिकडे बोटभर नाही.

"उंदीर," सांबशिवराव म्हणाला.

"उंदीर कुरतडतो सार, कापत नाही."

"राजधानीतला आहे ना, शिकलेला असेल," असं म्हणून तो स्वतःच हसला. येसोबूही हसला. साहेब हसला की हसायचं असतं.

दुपारी बाराला सांबशिवराव जीपच्या सावलीत डबा उघडून दहीभात खायला बसला. जीप ओळीपासून दोनशे पावलांवर तरी होती. तिसऱ्या-चौथ्या खुंटीच्या मधल्या खड्ड्यात कायम पडून असणारी तांबडी कुत्री भाताच्या आशेनं तिथं आली आणि शेपटी हलवत उभी राहिली. वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं.

टण्ण असा आवाज झाला. ताणलेली दोरी बोटानं वाजवावी तसा.

कुत्रीनं मान वर केली. भाताकडे बघत ती दोन पावलं पुढं आली, आणि तिचे मागचे पाय होते तिथंच राहिले. क्षणभर ते उभेच होते, शेपटीसकट. मग ते गुडघ्यांतून वाकले आणि पाठोपाठ रक्ताचा लोंढा आला. पुढचं धड अजून भाताकडे सरकत होतं. ते केकाटलं नाही. सांबशिवरावच्या पायापाशी येऊन त्यानं जीभ बाहेर काढली आणि मग ते गप्प झालं.

साहेबानं डबा फेकला आणि तो टायरवर ओकला. "पत्रा उडाला असेल कुठून तरी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पत्राच असणार."

 येसोबूला रविवारची संध्याकाळ आठवली होती. ही कुत्री तेव्हा त्या खड्ड्यात झोपली होती आणि त्यानंच तिच्या अंगावरून भात फेकला होता.

२

झालं होतं ते असं. बारा वर्षांत गावाची शीव कुणी बांधली नव्हती. पूर्वी दर दोन वर्षांनी गावदेवी पोलेरम्मापुढं बोकड पडायचा, त्याचं रक्त कालवलेला भात टोपलीत घालून एक माणूस शिवेवरून गावाला फेरी मारायचा आणि तो भात दोन्ही हातांनी उधळायचा. त्या भाताला पोली म्हणतात. ती टोपली येसोबूच्या बापाच्या डोक्यावर असायची. म्हातारा रात्रभर चालायचा. कुठं चिंचेला वळसा, कुठं विहिरीला, कुठं कुणाच्या बांधाला, आणि कशावरूनही सरळ जायचा नाही.

यंदा नव्या रस्त्यांवर गावातली पाच माणसं गाडीखाली गेली, तेव्हा जुन्या जाणत्यांना शीव आठवली. अंकिनीडु येसोबूच्या दारात आला. चाळीस एकरांचा मालक होता तो एके काळी. आता जमीन राजधानीला देऊन चहाच्या टपरीवर पाय पसरून बसायचा आणि सरकारला शिव्या घालायचा. मनानं वाईट नव्हता.

"मी चर्चला जातो, अंकिनीडुगारू," येसोबू म्हणाला.

"जा की. येशूला मी कुठं नको म्हणतोय? पण शीव तुझ्या बापाला ठाऊक होती. आता ती तुझ्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

खरं म्हणजे येसोबूलाही ती माहीत नव्हती. चिंच नव्हती, विहीर बुजवली होती, बांध बुलडोझरखाली गेले होते. पण माहीत नाही असं सांगायचं कसं? बापाचं काम आणि आपला धंदा, दोन्हीकडून अब्रूचा प्रश्न. त्यानं डोकं लढवलं. गावाच्या तीन बाजूंना डांबरी रस्ता झाला होता, तिथून तो चालत गेला. पूर्वेला रस्ता नव्हता, पण त्याच्या स्वतःच्या हातच्या खुंट्या होत्या. सरळ, तांबड्या, नंबर घातलेल्या. बापाला रात्र लागायची ते काम यानं दोन तासांत उरकलं आणि मनात म्हणाला, शिक्षणाचा काही तरी फायदा असतो की नाही.

रेघेत जे आलं त्याच्यावरून त्यानं भात फेकला. चौथ्या खुंटीपुढं अंकिनीडुची म्हैस बांधलेली होती, तिच्या पाठीवरून. पाचवीपुढं चहाची टपरी. तिथं अंकिनीडु बाकावर पाय लांब करून बसला होता, तो पाय आखडून घेईना. "टाक रे माझ्यावरून," तो म्हणाला, "तेवढाच शुद्ध होतो." सहावीपुढं मोकळं रान. सातवी आणि आठवीच्या मध्ये येसोबूचं स्वतःचं घर होतं. रुंद रस्त्यात जाणाऱ्या घरांच्या यादीत ते होतं, पण राजधानीच्या याद्यांना कोण भीक घालतो! त्यानं दोन मुठी भात पत्र्यावरून पलीकडं भिरकावला. आत मागच्या खोलीत त्याची लेक सुवार्ता झोपली होती. पहिल्या बाळंतपणाला आली होती, नववा चालू होता.

पत्र्यावर भात पडल्याचा आवाज त्याला आता नीट आठवत होता.

३

गुरुवारी संध्याकाळी टपरीवर अंकिनीडु ओरडून सांगत होता. "अरे, म्हैस मी मंगळवारी मेव्हण्याला देऊन टाकली, नदीपलीकडं. आज फोन आला. भर दुपारी गोठ्यात उभ्या उभ्या दोन झाली म्हणे. पोटातलं वासरूसुद्धा. मेव्हणा म्हणतो, तूच कायतरी करून पाठवलीस. आता बोला!"

टपरीवाला हसला, बाकीचे हसले. येसोबूचा चहा हातात तसाच राहिला. सोमवारी दोरी, मंगळवारी पाइप, बुधवारी कुत्री, गुरुवारी म्हैस. रोज बाराला एक खुंटी पुढं. आणि म्हैस नदीपलीकडं होती.

"आणि हे बघ," अंकिनीडुनं लुंगी वर केली. "रविवारपासून उठलंय. खाजत नाही, दुखत नाही."

दोन्ही मांड्यांवरून, गुडघ्याच्या वितभर वर, एक लाल रेघ गेली होती. दोऱ्याएवढी बारीक आणि अगदी सरळ. येसोबूनं आयुष्यभर सरळ रेघाच बघितल्या होत्या. हाताला एवढी सरळ ओढता येत नाही, हे त्याला कळत होतं.

तो घरी धावला. मागच्या खोलीत सुवार्ता खाटेवर पडली होती आणि सुकांती तिच्या तळपायांना तेल चोळत होती. सुकांती ओडिशाची. पलीकडच्या पत्र्याच्या वस्तीत राजधानीच्या इमारतींवर राबणारी चाळीसेक माणसं राहायची, त्यांचा स्वयंपाक ती करायची. पाण्याला येसोबूच्या नळावर यायची ती तासभर बसायची. सुवार्तासाठी वाळवलेल्या आंब्याच्या आंबट फोडी पदरात बांधून आणायची आणि मोडक्या भाषेत सगळ्यांची टिंगल करायची.

"भाई, तुझी पोरगी हत्ती झाली, हत्ती," ती म्हणाली. "खाट मोडली तर मी नाही भरून देणार."

"पोट दाखव," येसोबू लेकीला म्हणाला.

"नान्ना!" सुवार्ता लाजली. बाप असलं कधी बोलत नसे. त्याची बायको दानम्मा चुलीपासून उठून आली आणि त्याचा चेहरा बघून तिनंच लेकीचा पदर बाजूला केला. डाव्या बरगडीखालून निघून, पोटाच्या सगळ्यांत मोठ्या फुगवट्यावरून, उजव्या कमरेपर्यंत तिरकी रेघ.

"परकराची नाडी काचली असेल," दानम्मा म्हणाली.

सुकांतीनं वाकून बघितलं. "नाडी गोल जाते, बाई. ही तर पट्टीनं मारल्यासारखी आहे. कालच्यापेक्षा लाल दिसते."

येसोबू बाहेर अंगणात येऊन उभा राहिला. मनात हिशेब एकच होता. शुक्रवारी रेघ सहाव्या खुंटीपर्यंत पोचणार, शनिवारी सातवीपर्यंत, रविवारी आठवीपर्यंत. सातवी आणि आठवीच्या मध्ये त्याचं घर होतं. 

४

शुक्रवारी उजाडताच त्यानं सहावी खुंटी उपटली. पहार घालून, घाव घालून, तिचे चार तुकडे केले आणि कालव्यात फेकले. मग अंकिनीडुच्या घरी गेला.

बाप असता तर अंगणाबाहेर उभा राहिला असता. येसोबू ओसरीच्या पायरीपर्यंत गेला. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते खुळ्यासारखं वाटत होतं.

"चर्चला जायला लागल्यापासून तू जास्तच भित्रा झालास," अंकिनीडु म्हणाला. पण त्याचा हात मांडीवर गेला होता. "मग मी काय करू म्हणतोस? पळू? कुठं? म्हैस नदीपलीकडं गेली होती."

"खुंटी उपटलीय मी."

"मग झालं तर. बस. जेवून जा." आणि थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाला, "बारा वाजून जाईपर्यंत थांब रे."

बाराला पाच कमी असताना अंकिनीडुच्या बायकोनं त्याला पान वाढलं. मांडी घालून तो पाटावर बसला. भात, गोंगुऱ्याची भाजी, तूप. येसोबू पायरीवर. दोघंही घड्याळाकडं बघत नव्हते. अंकिनीडु मुद्दाम मोठ्यानं बोलत होता, राजधानीत आपल्याला मिळालेला कोपऱ्यावरचा प्लॉट कसा दक्षिणमुखी निघाला त्याबद्दल.

टण्ण.

अंकिनीडु मागं पडला. त्याची मांडी घातलेली होती तशीच पाटावर राहिली, पानासमोर. दोन्ही गुडघे नीट दोन बाजूंना. धड मागं भिंतीला जाऊन टेकलं, आणि मध्ये जी मोकळी जागा झाली तिच्यात रक्त उसळून पानातल्या भातावर आलं. त्याच्या हातात घास होता. त्यानं खाली बघितलं, मग येसोबूकडं.

"कुणी मारलं रे?" तो विचारत होता. "येसोबू, कुणी मारलं?"

येसोबूनं टॉवेल सोडून मांड्यांवर दाबला. टॉवेलानं ते थांबणारं नव्हतं. बायको किंचाळत रस्त्यावर धावली. कापलेली जागा गुळगुळीत होती, हाडसुद्धा, ताज्या वडीला सुरी लावावी तशी. गाडी यायच्या आत अंकिनीडु संपला. घास मुठीतच होता, तो कुणाला सोडवता आला नाही.

पोलिसांनी घरातल्या कुऱ्हाडी नेल्या. नदीपलीकडच्या मेव्हण्याला उचलून आणला. येसोबूला दोन थोबाडीत मारून सोडलं, कारण त्याच्याजवळ साधा चाकूही सापडला नाही. त्यानं मार खाल्ला आणि एकच गोष्ट विचारत राहिला. साहेब, किती वाजले?

५

"खुंटी उपटून काय होतं?" सांबशिवराव संध्याकाळी म्हणाला. ऑफिसच्या पंख्याखाली तो बदलीचा अर्ज लिहीत होता. कुत्री मेल्यापासून त्यानं ओळीवर पाय ठेवला नव्हता. "बारा वर्षं झाली तुला आणि हे सांगावं लागतं? खुंटी गेली तरी रेघ जात नाही. रेघ हलवायची तर नवी खुंटी ठोकायची, आणि आकृती पुन्हा जोडून बंद करायची. उघडी ठेवली की सगळं चुकतं."

तो नकाशाबद्दल बोलत होता. येसोबूनं ते ऐकलं आणि नकाशा मागून घेतला.

घरी दानम्मानं दिवा लावला होता. सुवार्ता झोपली होती. रेघ आता ओली दिसत होती, घामाच्या थेंबांसारखे रक्ताचे बारीक थेंब तिच्यावर धरले होते. आतलं मूल हललं की पोटावर ती रेघ वर-खाली व्हायची. दानम्मानं तिथं हात ठेवला होता आणि ती प्रार्थना करत होती.

"तू केलंस," ती डोळे न उघडता म्हणाली.

"मी केलं."

"मग तूच निस्तर."

त्यानं नकाशा जमिनीवर पसरला. सातव्या खुंटीपर्यंतची रेघ झाल्यात जमा होती. तिथून आठवीपर्यंत ती सरळ न नेता वळवायची. पश्चिमेला वळवली तर एकाला एक लागून बावीस घरं, सगळी नात्यातली. पूर्वेला मजुरांची पत्र्याची वस्ती, आणि ती थेट कालव्याला टेकलेली. वाहतं पाणी ओलांडून पोली न्यायची नाही, एवढं बापाच्या तोंडून त्यानं ऐकलं होतं.

"कुणावरून नेणार?" दानम्मानं विचारलं.

"पत्र्यांवरून. दिवसा तिथं कुणी नसतं. आठला सगळी कामावर जातात ती सहाला येतात. सुकांतीसुद्धा डेगी घेऊन साइटवर असते."

दानम्मा त्याच्याकडं बघत राहिली.  मग ती उठली आणि कोंबडा धरायला गेली.

६

शनिवारी दहाला तो निघाला. कोंबड्याचं रक्त भाताला पुरलं नाही. टोपलीतला भात नुसता गुलाबी झाला. तेव्हा सातव्या खुंटीपाशी बसून त्यानं विळ्यानं स्वतःचा दंड चिरला आणि भात लाल होईपर्यंत हात टोपलीवर धरला. मग नवी खुंटी ठोकली आणि पूर्वेकडं वळला.

यावेळी तो बापासारखा सावकाश चालला. प्रत्येक मुठीबरोबर पोलेरम्माचं नाव घेतलं, येशूची क्षमा मागितली, आणि पुन्हा पोलेरम्माचं नाव घेतलं. पाठीमागं कुणी चालत असल्यासारखं त्याला सारखं वाटत होतं. मागं वळून बघितलं की फक्त खुंटी दिसायची आणि खुंटीच्या बुडाशी माती जराशी दबलेली, कुणी उकिडवं बसून उठावं तशी.

वस्तीपाशी आला. पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा, दारांवर गोणपाटाचे पडदे. कुणी बाहेर नव्हतं. बघ, रिकामी आहे, तो स्वतःला म्हणाला. त्यानं पहिल्या पत्र्यावर मूठ फेकली. दुसऱ्या. तिसऱ्या. भात पत्र्यावर गारांसारखा वाजत होता. सोळा खोल्या होत्या. एका खोलीतून कुणी तरी खोकलं. तो थबकला. मग पुढची मूठ फेकली.

एक गोष्ट त्याच्या कानांनी केव्हाच टिपली होती. खडी फोडायची मशीन चालू नव्हती. क्रेनचा भोंगा नव्हता, सिमेंटच्या गाड्यांची घरघर नव्हती. अंकिनीडुची प्रेतयात्रा त्या रस्त्यानं जाणार म्हणून साइट दिवसभर बंद ठेवली होती, आणि आदल्या रात्री लाउडस्पीकरवरून ते गावभर ओरडून सांगितलंही होतं. खून झालेल्या घरातून रक्तानं भिजून येणाऱ्या माणसाला ते ऐकू आलं नसेल, असं म्हणता येईल. पण मशीन बंद असलेली चेनमनला कळत नाही, हे कुणी मानणार नाही. त्याचं त्यालाही ते मानता आलं नाही.

त्यानं शेवटची मूठ आठव्या खुंटीवर टाकली आणि आकृती बंद केली. सातवीपासून आठवीपर्यंत रेघ आता वस्तीवरून फिरून येत होती.

घरात दानम्मा खाटेपाशी खाली बसून रडत होती. सुवार्ताचं पोट स्वच्छ होतं. रेघेची खूणसुद्धा नव्हती. येसोबूनं लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात एवढं सुख त्याला कधी झालं नव्हतं, आणि ते त्यानं मनापासून भोगलं.

७

संध्याकाळी सुकांती पाण्याला आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"आज काय झोप झाली, भाई! सहा महिन्यांत असं झोपले नव्हते. सगळी वस्ती दिवसभर मेल्यासारखी पडली होती. कुणी तरी पत्र्यावर खडे मारत होतं, तरी उठवेना." कळशी नळाखाली लावून तिनं मान वर केली. "हे बघ ना. ढेकूण असेल का?"

गळ्यावरून, एका कानाखालून दुसऱ्या खांद्यापर्यंत, बारीक लाल रेघ होती.

"सगळ्यांना उठलंय," ती हसत म्हणाली. "कुणाला पोटावर, कुणाला पायावर. आमच्या मुकादमाला तर बरोबर नाकावर. आरशात बघून रडतोय मेला."

दानम्मा दारात आली होती. ती येसोबूकडं बघत होती. सुवार्तानं आतून हाक मारली, "सुकांती, आंब्याच्या फोडी आणल्यास का गं?"

रेघ अजून हलवता आली असती. टोपली ओसरीत होती, विळा होता, दंडात रक्त होतं. फक्त ती नेणार कुठून, एवढंच ठरवायचं होतं. पश्चिमेला बावीस घरं. नाही तर जिथून काढली तिथून.

"घामोळं आहे," येसोबू म्हणाला. "पावडर लाव. उद्या जाईल."

"हत्तीणीला सांग, उद्या सकाळी येते तेल लावायला." ती कळशी कमरेवर घेऊन गेली.

ती सकाळी आली तेव्हा त्यानं दार उघडलं नाही. पोरगी झोपलीय, असं आतून ओरडून सांगितलं.

रविवारी बाराला दोन मिनिटं कमी असताना तो उंबऱ्यात उभा होता. चर्चची घंटा वाजून गेली होती. वस्तीपाशी चूल पेटलेली होती, रविवारचं मटण शिजत होतं, कुणी तरी गाणं लावलं होतं. आणि उन्हाच्या झळांमध्ये, त्यानं काल ठोकलेल्या नव्या खुंटीपाशी कुणी तरी उकिडवं बसलं होतं. अंगावर काही नव्हतं, किंवा होतं ते मातीच्या रंगाचं होतं. दोन्ही हात जमिनीलगत, दोरी खुंटीला दाबून धरावी तसे. तोंड येसोबूकडं होतं. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, फक्त ते आपल्याकडं आहे हे कळत होतं.

ते वाट बघत होतं. येसोबूला ते बसणं ओळखीचं होतं. पलीकडच्या टोकाचा माणूस स्वतःहून दोरी ताणत नाही. अलीकडच्यानं हात आडवा हलवला की थांबायचं, आणि काहीच केलं नाही तर ताणायचं.

येसोबूनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. मग तो आत आला आणि त्यानं खांद्यानं दार लोटलं.

सुवार्ता जेवायला बसली होती. दानम्मानं आवकाय लोणचं कालवलेला भात तिच्यापुढं ठेवला होता आणि ती स्वतः भिंतीकडं तोंड करून उभी होती. टण्ण असा आवाज झाला. या वेळी तो लांबत गेला, सोळा खोल्या संपेपर्यंत. मग गाणं बंद पडलं.

सुवार्ताचा घास तोंडाशी थांबला. "नान्ना, कोण ओरडतंय?"

"कुणी नाही. जेव तू," तो म्हणाला.

ओरडणं बराच वेळ चाललं. त्यात सुकांतीचा आवाज कुठं आहे, हे तो शेवटपर्यंत शोधत राहिला, आणि मग त्याला आठवलं की तिची रेघ गळ्यावर होती.